कोड खुला, पण किल्ल्या कोणाकडे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, आपल्याकडे एक समज चांगलाच रुजला आहे. कंपनीने आपला कोड गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर ठेवायचा, जगभरातले हौशी लोक तो फुकटात सुधारून देणार आणि कंपनी बसल्या जागी पैसे कमावणार. हा समज नुसता चुकीचा असता तर सोडून देता आला असता. पण त्याच्या भरवशावर कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी खाती कोड खुला करतात, वर्षभर वाट पाहतात, कोणी फिरकत नाही म्हणून रेपो (कोडचे भांडार) ओस पडतो आणि शेवटी ‘हे परदेशात चालतं, आपल्याकडे नाही’ असा निष्कर्ष निघतो. परदेशातही ते असे चालत नाही. कसे चालते, ते थोडे तपशिलाने लिहितो.

उदाहरण रेड हॅटचे सगळेच देतात, पण ती कंपनी नेमके काय विकते हे क्वचितच सांगितले जाते. १९९३ साली अमेरिकेत सुरू झालेली ही कंपनी आधी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडी खोक्यात घालून विकायची. २००३ मध्ये तिने ते बंद करून दोन वाटा वेगळ्या केल्या. एक फेडोरा. ते कोणीही फुकट घ्यावे, दर सहा महिन्यांच्या आसपास नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. दुसरे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, वर्गणी भरून दहा वर्षांच्या हमीसह. दोन्हींचा उगम एकाच खुल्या कोडात आहे. तरीही आयबीएमने २०१९ मध्ये या कंपनीसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले.

ते पैसे त्या दहा वर्षांच्या हमीचे आहेत. एंटरप्राइझ लिनक्सची सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये आली. तिचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ३.१० या आवृत्तीचा होता आणि जून २०२४ मध्ये तिची नियमित देखभाल संपली तेव्हाही ३.१०च होता. मधल्या दहा वर्षांत कर्नलमध्ये सुरक्षेची अनेक भगदाडे सापडली. प्रत्येक दुरुस्ती लिहिली गेली ती त्या वेळच्या ताज्या कोडसाठी. जुन्या कोडमध्ये तेच फंक्शन वेगळ्या नावाने, वेगळ्या फाइलमध्ये असते, कधी कधी नसतेच. मग कोणीतरी बसून ती दुरुस्ती समजून घ्यायची, ३.१०साठी नव्याने लिहायची, वेगवेगळ्या सर्व्हरवर तपासायची आणि एखाद्या बँकेने २०१५ मध्ये बसवलेले ॲप्लिकेशन तिच्यामुळे कोलमडत नाही ना, हे पाहायचे. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. कंटाळवाणे काम आहे, हौसेने कोणी दहा वर्षे करत नाही. म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आहे.

हे काम परवडायचे तर मूळ प्रकल्पात आपले वजन असावे लागते. म्हणून दुरुस्ती आधी मूळ प्रकल्पात द्यायची आणि मग आपल्या उत्पादनात घ्यायची, असा दंडक असतो. ‘अपस्ट्रीम फर्स्ट’ म्हणतात त्याला. यात परोपकार कमी आणि हिशेब जास्त. समजा, एखाद्या कंपनीने पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आपल्यापुरते चाळीस बदल केले आणि स्वतःजवळच ठेवले. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, म्हणजे दरवर्षी ते चाळीस बदल नव्या कोडवर पुन्हा बसवायचे. पहिल्या वर्षी आठवडा जातो. पुढे बदल करणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्यातले निम्मे कशासाठी केले होते हेच कोणाला सांगता येत नाही. मग कंपनी जुन्या आवृत्तीवर अडकते, आणि पाच वर्षांनी त्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्याही यायच्या थांबतात. तेच बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारले असते तर त्यांची चाचणी आणि देखभाल सगळ्यांच्या खर्चात झाली असती. ‘सहभाग’ म्हणतात तो व्यवहारात हा.

आता किल्ल्यांकडे येतो. खुल्या प्रकल्पाच्या किल्ल्या म्हणजे कॉपीराइट, नाव आणि बदल मंजूर करण्याचा अधिकार. जाहिरातीत फक्त परवान्याचे नाव असते, कारभार मात्र या किल्ल्यांवर चालतो.

बाहेरचा माणूस कोड देतो तेव्हा त्याच्याकडून दोनपैकी एक गोष्ट घेतली जाते. एक म्हणजे कंपनीने तयार केलेला करारनामा, सीएलए. त्यात बहुधा असे कलम असते की हा कोड कंपनी पुढे हव्या त्या परवान्याखाली देऊ शकेल. दुसरी पद्धत लिनक्स कर्नलने २००४ मध्ये आणली. प्रत्येक कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ लिहायची. तिचा अर्थ, हा कोड देण्याचा मला हक्क आहे आणि मी तो याच परवान्याखाली देतो आहे. आदल्याच वर्षी एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा केला होता, त्यावरचा हा उतारा. कर्नलच्या कॉपीराइटचे मालक आज हजारो आहेत. त्यांच्या संमतीशिवाय परवाना बदलायचा म्हटले तर लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सलाही ते शक्य नाही. गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबने २०१७ मध्ये सीएलए सोडून हीच ओळ स्वीकारली.

हा फरक कागदी वाटतो, पण त्यावर मोठी घरे फिरली आहेत. हॅशिकॉर्पचे टेराफॉर्म हे क्लाउडवरची यंत्रणा उभी करण्याचे साधन एमपीएल या खुल्या परवान्याखाली होते आणि बाहेरच्यांकडून सीएलए घेतला जात होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी बिझनेस सोर्स लायसन्स लागू केले: कोड दिसेल, पण कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा त्यावर चालवता येणार नाही. काही आठवड्यांत शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे त्याच कोडातून फुटलेला स्वतंत्र प्रकल्प, निघाला आणि लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेला. रेडिस या डेटाबेसचे प्रकरण वेगळे. तिथे परवानाच बीएसडी, इतका सैल की पुढच्या आवृत्तीवर नवी बंधने घालायला कोणाची सही लागत नाही. मार्च २०२४ मध्ये तो बदलला आणि काही दिवसांतच व्हॅल्की नावाचा फोर्क उभा राहिला. मोठ्या क्लाउड कंपन्यांनी आपले अभियंते त्याच्या मागे लावले. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या परवान्याचा पर्याय देऊन पुन्हा खुल्या परवान्याकडे पाऊल टाकले. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र बनवणाऱ्या इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये असाच बदल केला होता आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय जोडला. तोवर ॲमेझॉनचा ओपनसर्च हा फोर्क चांगलाच स्थिरावला होता.

या कंपन्यांची तक्रार खोटी नव्हती. कोड लिहिण्याचा खर्च यांनी करायचा आणि बड्या क्लाउड कंपनीने तोच कोड सेवा म्हणून विकायचा, ही गोष्ट कोणालाही खुपेल. पण ती शक्यता परवाना निवडताना पहिल्या दिवशीच दिसत असते. ज्याला ती भीती आहे त्याने सुरुवातीलाच एजीपीएल घ्यावा. हा परवाना सेवा विकण्यास मनाई करत नाही, मात्र कोडमध्ये बदल करून सेवा देणाऱ्याला ते बदल वापरकर्त्यांसाठी खुले करावे लागतात. त्याची किंमतही आहे. गूगलसह अनेक मोठ्या कंपन्यांत एजीपीएलचा कोड वापरायला बंदी असते, त्यामुळे प्रसार मंदावतो. आधी प्रसारासाठी सैल परवाना घ्यायचा आणि लोक गोळा झाल्यावर दार लावायचे, हा मधला मार्ग मात्र महागात पडतो. दार लावण्याच्या आधीची शेवटची आवृत्ती कायमची खुली असते, आणि फोर्क करणाऱ्याला तेवढी पुरते.

खुद्द रेड हॅटनेही हा अनुभव घेतला आहे. एंटरप्राइझ लिनक्सची फुकट प्रतिकृती असलेल्या सेंटओएस ८ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे सांगितले होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ अखेरपर्यंत आणली गेली. परवान्याचा भंग यात कुठेच नव्हता. तरी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स असे दोन पर्याय वर्षभराच्या आत उभे राहिले.

नावाची किल्ली लोक हमखास विसरतात. इटलीत जन्मलेल्या आर्दुइनोच्या मूळ इलेक्ट्रॉनिक बोर्डांचे आराखडे खुले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत त्याबरहुकूम बनवलेले स्वस्त बोर्ड मिळतात आणि ते कायदेशीर आहेत. मात्र त्यावर ‘आर्दुइनो’ हे नाव छापता येत नाही, कारण नाव ट्रेडमार्क आहे. कोड किंवा आराखडा खुला करणाऱ्या संस्थेने ट्रेडमार्कचा अर्ज आधी करावा आणि नाव कोणी, कुठे, कसे वापरायचे याचे दोन पानांचे धोरण रेपोमध्ये ठेवावे. सेवा देणाऱ्या इतर कंपन्या पुढे येतात तेव्हा पहिले भांडण कोडवरून होत नाही, नावावरून होते.

आपल्या घरचे उदाहरण मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे. तिचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, उत्पादन वगैरे सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली आहे आणि ज्या पायावर ते उभे आहे तो फ्रॅपे फ्रेमवर्क त्याहून सैल अशा एमआयटी परवान्याखाली. ही विभागणी विचारपूर्वक आहे. पाया सैल ठेवला की कोणीही त्यावर आपले उत्पादन बांधू शकतो. वरचे सॉफ्टवेअर जीपीएल ठेवले की कोणी त्याची बंद आवृत्ती करून विकू शकत नाही. कंपनीची कमाई होस्टिंग आणि सपोर्टची, आणि गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष यंत्रणा बसवण्याचे बरेचसे काम भागीदार कंपन्यांचे. जीएसटीचे सतत बदलणारे नियम सांभाळणारे ‘इंडिया कंप्लायन्स’ हे वेगळे ॲप तर दुसरीच कंपनी सांभाळते. जीएसटीची एक अधिसूचना निघाली की विवरणपत्राचे रकाने बदलतात. ते काम मूळ सॉफ्टवेअरच्या रिलीजला बांधून ठेवणे परवडणारे नव्हते.

इथेच आपल्या लघुउद्योगांत नेहमी होणारी एक गफलत सांगतो. कारखान्याला चलनाचा नमुना वेगळा हवा असतो. स्थानिक प्रोग्रामर ईआरपीनेक्स्टच्याच फाइल उघडून त्यात बदल करतो. दोन तासांत काम होते, सगळे खूश. पुढे कधीतरी बेंच हे फ्रॅपेचे साधन वापरून अपडेट करायला गेले की गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) तक्रार करते, मूळ फाइल आणि आपली फाइल जुळत नाहीत. कोणीतरी बदल पुसून टाकतो आणि चलने चुकीची छापली जातात, किंवा अपडेटच थांबवले जाते आणि यंत्रणा तीन वर्षे जुन्या आवृत्तीवर राहते. योग्य रीत अशी: स्वतःचे वेगळे ॲप काढायचे, जास्तीचे रकाने कस्टम फील्ड म्हणून घालायचे, ते फिक्स्चरमधून (नोंदींच्या फाइलमधून) निर्यात करून त्या ॲपमध्ये ठेवायचे आणि कामकाजातले बदल हुक्समधून, म्हणजे बाहेरचा कोड जोडण्यासाठी ठेवलेल्या जागांतून, जोडायचे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. पहिल्यांदा दोन तासांऐवजी दोन दिवस लागतात, म्हणून गिऱ्हाईक कुरकुरते. सपोर्ट विकणाऱ्याने ती कुरकुर सहन करायला शिकावे.

सगळ्यांनाच सपोर्ट विकून जगता येते असे नाही. फॉन्टचेच पाहा, त्याला कोण सपोर्टचा करार करणार? तिथे पैसे आधी येतात आणि खुलेपणा नंतर. गूगलने भारतीय लिप्यांचे अनेक फॉन्ट असेच मोबदला देऊन करून घेतले आणि ओएफएल या फॉन्टसाठीच्या खुल्या परवान्याखाली सोडले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि मोदक हे फॉन्ट याच परवान्याखाली मिळतात. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांच्या ओळखीचा लोहित फॉन्ट रेड हॅटच्या आश्रयाने वाढला. तो आधी जीपीएलमध्ये होता, २०११ मध्ये ओएफएलमध्ये गेला. जीपीएल हा प्रोग्रामसाठीचा परवाना. फॉन्ट पीडीएफमध्ये बसवला की त्या कागदपत्रालाही परवाना लागू होतो का, असा पेच पडतो. ओएफएलमध्ये तसे होत नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रकाशकांच्या दृष्टीने एवढे एक वाक्य लाखमोलाचे.

आजवर बंद असलेला कोड ज्यांना खुला करायचा आहे, त्यांनी आधी रेपोचा जुना इतिहास तपासावा. आजच्या फाइलमधून पासवर्ड काढला तरी तीन वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये तो तसाच असतो. गिटलीक्ससारखी साधने सगळा इतिहास चाळून असे पासवर्ड आणि एपीआयच्या (इतर सेवांशी जोडणाऱ्या) गुप्त किल्ल्या दाखवतात. सापडलेली प्रत्येक किल्ली बदलायची, नुसती पुसून भागत नाही. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलमध्ये गिऱ्हाइकांचे खरे मोबाइल क्रमांक असतात, तेही शोधावे लागतात. मग आत वापरलेल्या लायब्ररींचे परवाने. एखादा जीपीएल भाग पोटात असेल तर एकत्रित सॉफ्टवेअर सैल परवान्याखाली देता येत नाही. त्यानंतरची कसोटी अशी: कंपनीबाहेरच्या माणसाने कोऱ्या लॅपटॉपवर, फक्त रीडमी ही सूचनांची फाइल वाचून, अर्ध्या दिवसात सॉफ्टवेअर बांधून चालवून दाखवावे. बहुतेक रेपो इथेच नापास होतात, कारण बांधणीची अर्धी पायरी कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरवर अवलंबून असते आणि ते कोणाच्या लक्षातच नसते.

कोड बाहेर आला की खरा खर्च सुरू होतो. बाहेरून आलेल्या पहिल्या पॅचला (दुरुस्तीला) दोन-तीन दिवसांत माणसाचे उत्तर गेले पाहिजे, नकार असला तरी. महिनाभर उत्तर नाही मिळाले की तो माणूस परत येत नाही, आणि त्याचा न स्वीकारलेला पॅच पाहून पुढचेही येत नाहीत. त्यासाठी निदान एका अभियंत्याचा निम्मा वेळ कागदोपत्री राखून ठेवावा लागतो. ‘सगळे मिळून बघतील’ म्हटले की कोणीच बघत नाही, कारण तिमाही उद्दिष्टांत त्या कामाला रकाना नसतो.

निर्णय कुठे होतात, हाही प्रश्न आहे. कंपनीतले लोक कँटीनमध्ये किंवा स्लॅक या कंपनीतल्या चॅटवर ठरवतात आणि बाहेरच्यांना थेट तयार बदल दिसतो. तीन महिने राबून केलेले बाहेरच्याचे काम अशा एका बदलाने वाया जाते. अपाची फाउंडेशन या खुले प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत निर्णय सार्वजनिक टपालयादीवर होतात. रिलीजसाठी समितीतल्या किमान तीन जणांचा होकार लागतो आणि मतदान सहसा ७२ तास खुले ठेवतात, जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसालाही बोलता यावे म्हणून. संथ वाटते, पण एका कंपनीने हात काढून घेतला तरी प्रकल्प टिकतो तो यामुळे.

आणि समुदाय म्हणजे गर्दी नव्हे. जगभरच्या सर्व्हरवर असणारे एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारे साधन प्रत्यक्षात एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीच्या मिषाने आलेल्या एकाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास मिळवला, रिलीज काढण्याचा अधिकार मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात चोरवाट घातली. एका अभियंत्याला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची पद्धत) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ती २९ मार्चला उघड झाली. फुकट वापरणाऱ्या कंपन्यांपैकी कोणी एक्सझेड सांभाळणाऱ्या त्या थकलेल्या माणसाला पगार देत नव्हते. बंगळुरूच्या झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी अशा प्रकल्पांसाठी जाहीर केला, एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलरपर्यंत. आपण काय वापरतो याची यादी करून, त्यातल्या एकट्या माणसाच्या खांद्यावर असलेल्या चार-पाच प्रकल्पांना दरवर्षी ठरावीक रक्कम देणे पुण्यातल्या मध्यम कंपनीलाही जड नाही.

शेवटी सरकारी खरेदीबद्दल. केंद्र सरकारचे ओपन सोर्स धोरण २०१५चे आहे. निविदेत ओपन सोर्सचा विचार करणे पुरवठादाराला बंधनकारक करावे आणि तो वगळल्यास कारण मागावे, असे त्यात म्हटले आहे. राज्यांनी ते स्वीकारायचे की नाही हे राज्यांवर सोडले आहे. पण अंमलबजावणी म्हणजे बहुधा कोडची एक झिप फाइल. आरोग्य सेतूचा अँड्रॉइड कोड २६ मे २०२० रोजी खुला झाला, सर्व्हरचा मात्र त्या वेळी झाला नाही. लोकांची माहिती जिथे जाते तोच भाग तेव्हा तपासण्याबाहेर राहिला.

म्हणून महापालिका, जिल्हा परिषदा आणि विद्यापीठांच्या निविदांत काही अटी नावानिशी हव्यात. कोड इतिहासासह रेपोमध्ये, संस्थेच्या खात्यावर, कंत्राटदाराच्या नव्हे. मूळ प्रकल्पात केलेल्या दुरुस्त्या त्या प्रकल्पाला पाठवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची. सॉफ्टवेअरचे नाव आणि डोमेन संस्थेच्या मालकीचे. सगळी माहिती सीएसव्ही किंवा तत्सम खुल्या स्वरूपात केव्हाही बाहेर काढता यावी आणि ती काढून दुसऱ्या यंत्रावर चढवून दाखवावी. कोऱ्या सर्व्हरवर रेपोमधून बांधणी करण्याची चाचणी मात्र देयकाचा शेवटचा हप्ता देण्याआधी घ्यावी, आणि त्या वेळी कंत्राटदाराचा माणूस खोलीत नसावा.

आपला,
मुक्त सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे